रिकामी ठेवायची चौकट

रक्त नळीत अर्धा तास उभं ठेवलं की ते गोठतं. मग गरगर फिरणाऱ्या यंत्रात, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये, दहा मिनिटं घातलं की खाली लाल गठ्ठा बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. बऱ्या माणसाचं सीरम इतकं नितळ असतं की नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतात. काविळीचं गर्द पिवळं, हळद कालवल्यासारखं. आणि काही सीरम दुधट असतात, ताक ओतल्यासारखी. त्यांच्यामागचं अक्षर दिसत नाही.

सिल्वासात चौतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवली, त्यातून एवढी ओळख झाली. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, त्या लिहितोच. पण मला खरं तर एका दुधट नळीबद्दल लिहायचं आहे. ते आजवर लिहिलं नाही, यंदापर्यंत कुणाशी बोललोही नाही. आता वय चौऱ्याहत्तर आहे.

लॅबवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. नाशिकला शिकलेला साधा टेक्निशियन. रक्त काढायचं, मोजायचं, आकडा द्यायचा. त्या आकड्याचा अर्थ सांगणं डॉक्टरचं काम. पण रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी माझ्याकडेच बघायचा. "साहेब, कसं आहे?" त्या नजरेपुढे गप्प राहणं फार अवघड असतं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. सुरंगी गावाहून एक म्हातारी आली होती. तीन नळ्या भरल्यावर तिने विचारलं, "तपासून उरतं त्याचं काय करता?" मी म्हटलं, टाकून देतो. ती म्हणाली, "मग कमी घ्यायचं होतं." तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी मोजूनच घेऊ लागलो. पुण्याहून आलेले एक मॅनेजर साखरेचा रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "जरा कमी करून देता येईल का? बायको ओरडेल." बारा तास पोटात काही नको, असं बजावलं तरी श्रावणात एकजण साबुदाण्याची खिचडी, वर दही खाऊन हजर. "उपासाचंच होतं ना साहेब!" त्याला परत पाठवला तर तो माझ्यावरच रुसला.

लॅब खरी चालायची ती कारखान्यांच्या वार्षिक चेकअपवर. खडोली, गलोंडा इकडचे कारखाने वर्षातून एकदा सगळ्या कामगारांची तपासणी करून घेत. आम्ही सकाळी सहाला गेटवर टेबल मांडायचो. शिफ्ट सुटणारे आणि शिफ्टवर जाणारे अशा दोन रांगा. बाह्या वर, मुठी आवळलेल्या. खानदेशातली मुलं सुई बघून डोळे मिटायची आणि वर मलाच म्हणायची, "आप्पा, लवकर घ्या, आम्ही काय घाबरत नई."

प्रत्येकाचा एक छापील फॉर्म असायचा. नाव, टोकन नंबर आणि खाली चौकटी. कोलेस्टेरॉलच्या चार चौकटी होत्या. एकूण कोलेस्टेरॉल, चांगलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी, या तीन गोष्टी यंत्र मोजायचं. चौथी चौकट 'खराब' कोलेस्टेरॉलची, म्हणजे एलडीएलची. लहान लॅबमध्ये ती मोजत नसत. मोजलेल्या तीन आकड्यांवरून एका सूत्राने ती काढायची. सूत्र चांगलं आहे, जगभर वापरतात. फक्त त्याची एक अट आहे. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की सूत्र चुकतं आणि आकडा खोटाच कमी दाखवतं. तेव्हा चौकट रिकामी सोडायची आणि नमुना मोठ्या लॅबला थेट मोजणीसाठी पाठवायचा. आमच्या संगणकालाही ते ठाऊक होतं. अशा वेळी तो ती चौकट कोरी छापायचा.

खडोलीच्या एका सूत कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर गुजराती होते, स्वभावाने गोड. ते कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून म्हणायचे, "साहेब, खाली खानुं नहीं चलेगा. ऑडिट में प्रश्न आवशे." रिकामी चौकट चालणार नाही, ऑडिटला प्रश्न येईल. पहिल्या वर्षी मी त्यांना अट समजावून सांगितली. दुसऱ्या वर्षी निम्मीच सांगितली. तिसऱ्या वर्षापासून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो, वजाबाकी करायचो आणि चौकट भरून टाकायचो. नियमाबाहेरचे आकडे ठळक छापले जात. हे भरलेले आकडे कमीच यायचे, म्हणून ते कधी ठळक झाले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आधार नावाचा स्वयंपाकी होता. अमळनेरकडचा. उंच, खांद्यावर कायम ओला गमछा, बोलणं अर्धं अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारं. पहिल्या चेकअपला रक्त काढून झाल्यावर तो माझ्यासाठी भज्यांची प्लेट घेऊन आला. मी एक उचललं तशी त्याने प्लेट मागे ओढली.

"आप्पा, तुम्ही नका खाऊ. हे मी दुसऱ्यांसाठी तळतो."

"म्हणजे रे?"

"तेल जुनं शे. तुम्हाला पोहे आणतो."

तिथून दोस्ती झाली. पुढे रविवारी तो सिल्वासातल्याच आमली भागातल्या त्याच्या खोलीवरून माझ्याकडे यायचा, आम्ही चालायला जायचो, परत येऊन चहा घ्यायचो. त्याला तेलाची विलक्षण जाण होती. मी रक्त ओळखायचो तसा तो तेल ओळखायचा. कढईवर वाकून एकदा वास घेतला की सांगायचा, किती दिवसांचं आहे. कॅन्टीनचा ठेकेदार तेल कधी बदलू द्यायचा नाही. कमी झालं की वरून ताजं ओतायचं, एवढाच हुकूम. आधार दर शनिवारी त्याच्या नकळत अख्खी कढई मागच्या खड्ड्यात रिकामी करायचा आणि सोमवारी शिव्या खायचा.

"आप्पा, तेल मरतं," तो मला म्हणाला होता. "मेलेल्यावर ताजं ओतलं ना, की ताजंबी मरतं. ठेकेदाराला वाटतं, ताज्याने जुनं जिवंत होईल. होत नई. उलटंच होतं."

एकदा त्याने मला कढईची आतली कड दाखवली. तिथे पिवळा, चिकट थर होता. नखाने खरवडला तरी निघेना. "आधी फेस येतो, तो बसत नई. मंग वास. आणि शेवटी हे. काथ्याने घासा, राखेने घासा. हे भांड्याचंच होऊन जातं."

मी म्हटलं, "खवट तेल म्हणजे तेलाला लागलेला गंजच की." त्याला ते इतकं आवडलं की पुढे कॅन्टीनमध्ये तो सगळ्यांना सांगत सुटला, आप्पा म्हणतात तेलालाबी गंज लागतो.

चालताना त्याची एक सवय होती. दर तीन-चार विजेच्या खांबांनंतर तो थांबायचा, खिशातून डबी काढायचा, तंबाखू मळायला लागायचा. सावकाश, दोन-तीन मिनिटं. मग पुन्हा चालायचा. मी चिडवायचो, "खांब आला की तुला तल्लफ येते का रे?" तो हसायचा. "खांबालाबी वाटलं पाहिजे ना आप्पा, कोणी सोबत शे."

एकोणीस वर्षांपूर्वीच्या चेकअपला त्याने रांगेत सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. नळी भरली, मी त्याचं नाव चिकटवलं. नंतर नेहमीप्रमाणे कॅन्टीनमधून त्याने पहाटेच करून ठेवलेले पोहे आले. इतके खारट की तोंडात धरवेनात. मी खिडकीतून ओरडलो, "आधार, आज हात कुठे होता तुझा?" तो आतूनच म्हणाला, "हात इथंच होता आप्पा, जीभ सुट्टीवर होती." सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी लॅबमध्ये नळ्या फिरवून काढल्या. आधारची नळी ताकासारखी दुधट. ट्रायग्लिसराइड चारशे बासष्ट. खराब कोलेस्टेरॉलची चौकट संगणकाने कोरी सोडलेली.

दुधट सीरमचं सगळ्यात साधं कारण म्हणजे माणूस काहीतरी खाऊन आलेला असतो. संध्याकाळी आधार रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मी विचारलं, "काय खाल्लं होतंस सकाळी?"

"काई नई आप्पा. पाणीबी नई."

"स्वयंपाकी आणि उपाशी? कुणाला सांगतोस! पहाटेपासून चार पातेली चाखली असशील."

"आईशपथ नई."

"अरे, रक्त खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी तेव्हा फार वापरायचो. आधारने माझ्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि मग हसून म्हणाला, "तुम्ही म्हणता तर खाल्लं असंल."

माझ्याकडे एक रबरी शिक्का होता, 'खाऊन आलेला नमुना' असा. तो मी निळ्या शाईत दाबून मारला. त्या शिक्क्याने चारशे बासष्टचा हिशेब लागला. मग कॅल्क्युलेटर घेतला, वजाबाकी केली. शहाऐंशी आले. चौकटीत शहाऐंशी लिहिलं.

"घाबरण्यासारखं शे का?" त्याने विचारलं.

"काही नाही रे. ही चरबी खाण्यामुळे वाढलेली दिसते. खरा महत्त्वाचा आकडा हा बघ, खराब कोलेस्टेरॉल. शहाऐंशी. माझं एकशे तीस आहे. जा, काम कर."

चार महिन्यांनी, सकाळच्या नाश्त्याच्या वेळी, कॅन्टीनच्या ओट्याशी तो कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. वय सेहेचाळीस.

त्याची बायको, मंगलवहिनी, तेराव्याला मला म्हणाली, "आप्पा, तुमचा रिपोर्ट तर चांगला होता. मंग कोणाला बोल लावायचा? नशीबच." मी मान हलवली. तिचा मुलगा जितू, तेव्हा बावीस वर्षांचा, त्याने माझ्या पाया पडून सांगितलं, "तुम्ही बाबांचं सगळं बघितलंत." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती. ठेच लागल्यासारखं मरण येतं कुणाकुणाला, असं मनाशी म्हणायचो. सात-आठ वर्षं ते चाललं. मग वापीला आम्हा लॅबवाल्यांची एक सभा झाली, तिथे हृदयविकाराचे एक डॉक्टर बोलले. मी मागच्या रांगेत होतो. त्यांनी जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगतो.

रक्त पाणीदार असतं, त्यात चरबी विरघळत नाही. म्हणून शरीर चरबीचे अतिसूक्ष्म गोळे करतं, त्यावर प्रथिनाचं वेष्टन घालतं आणि ते रक्तातून जिकडे हवे तिकडे पाठवतं. एलडीएल म्हणजे असे गोळे. मुळात ते खराब नसतात, सामान पोचवणारे असतात. आता रक्तवाहिनी. तिच्या आतल्या बाजूला एका पेशीएवढं पातळ अस्तर असतं. ते नुसतं आच्छादन नाही, ते काम करतं. आपण भरभर चालू लागलो, जिना चढलो, की ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किंचित सोडतं. त्या इशाऱ्यावर वाहिनी सैल होते, रुंदावते आणि जास्त रक्त जाऊ देते. नळाच्या पाइपला हे जमत नाही, ते आपल्या अंगातल्या वाहिनीलाच जमतं.

गोळे फार झाले, किंवा अस्तर दुखावलं, की काही गोळे भिंतीत शिरून अडकतात. तिथे प्राणवायूच्या माऱ्याने ते बिघडतात. डॉक्टर त्याला ऑक्सिडाइझ होणं म्हणाले. मी मनात म्हणालो, खवट होणं. एक बिघडला की शेजारचा बिघडतो. मेलेल्यात ताजं ओतल्यासारखं. हे खवट गोळे अस्तराला तो वायू पुरेसा बनवू देत नाहीत, बनलेला टिकू देत नाहीत. मग रुंदावायची वेळ आली की वाहिनी आखडून बसते. पायाचा स्नायू, हृदयाचा स्नायू रक्त मागतो आणि ते पोचत नाही. अस्तर चिकट होतं. पांढऱ्या पेशी त्याला चिकटून आत शिरतात, खवट गोळे खातात, खाऊन फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात, त्यांचं नावच फेसपेशी. त्या तिथेच मरतात आणि थर साचत जातो. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद.

डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवत होते. फेस, मग चिकटपणा, मग न निघणारा पिवळा थर. मला आधारची कढई दिसत होती. कढईतलं तेल आणि रक्तातले गोळे या वेगळ्या गोष्टी आहेत, तो तळलेलं खाऊन मेला असं मी म्हणत नाही. तो तर ते खातही नव्हता. पण तेल कसं मरतं हे त्याने मला बोट ठेवून दाखवलं होतं.

मग डॉक्टरांनी दोन वाक्यं सांगितली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. एक असं की, ज्यांचं ट्रायग्लिसराइड उपाशीपोटीही फार वाढलेलं असतं त्यांचे हे गोळे पुष्कळदा लहान आणि घट्ट असतात. ते भिंतीत सहज शिरतात, लवकर खवट होतात. दुसरं असं की, अशाच माणसांचा खराब कोलेस्टेरॉलचा आकडा आपल्या सूत्राने कमी दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. शेवटी कुणीतरी विचारलं, वाहिनी आखडल्याची खूण काय? ते म्हणाले, "चालताना पोटऱ्या दुखतात. माणूस थांबतो, दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं, पुन्हा चालतो. विचारलं तर काहीतरी कारण सांगतो."

तीन-चार खांब आणि तंबाखूची डबी.

त्या दिवसापासून मला कळलं होतं. तरी अकरा वर्षं मी काही बोललो नाही. कोरी चौकट भरणं मात्र बंद केलं आणि त्यापायी खडोलीचं काम गेलं. ते गेलं याचं मला बरंच वाटलं, जणू माझी शिक्षा भोगून झाली. मंगलवहिनी वाटेत भेटायची, "आप्पा, घरी या ना," म्हणायची. मी दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो.

यंदा एकदा उन्हं कलल्यावर मी बाजारातून येत होतो, पुढे जितू चालत होता. आता तो एकेचाळीसचा आहे, गलोंड्याला एका कारखान्यात सुपरवायझर. अगदी बापासारखी उंची. हाक मारणार एवढ्यात तो थांबला, एका खांबाला खांदा टेकवून त्याने मोबाइल काढला, बघितला, दोन मिनिटांनी खिशात ठेवला आणि चालू लागला. चौथ्या खांबाशी पुन्हा थांबला. पुन्हा मोबाइल काढला. पडदा काळाच होता. मी मागून पाहत होतो, त्याने तो सुरूच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमलीत त्यांच्या दारात उभा राहिलो. मंगलवहिनी सुपात शेंगा निवडत होती.

"अहो, आज सूर्य कुठून उगवला! बसा. चहा मांडते."

"चहा नको. आधी ऐका. आधारबद्दल आहे."

जितू आतून बाहेर आला. मी जे इथे लिहिलं तेच सांगितलं. चौकट कोरी होती, मी भरली. शहाऐंशी हा आकडा खरा नव्हता. तो चांगला आहे असं मी त्याला सांगितलं, तुम्हालाही तसंच वाटू दिलं. तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मग उठून आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात रेशनकार्ड होतं, आधारचे फोटो होते आणि माझा रिपोर्ट होता. चार घड्या घातलेला.

"मला वाचता येत नई. हा निळा शिक्का कशाचा?"

मी वाचून दाखवला. "खाऊन आलेला नमुना."

"कोण खाऊन आलं होतं?"

"आधार. स्वयंपाकी माणूस, काहीतरी चाखलं असणारच. म्हणून मी..."

"आप्पा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आदल्या संध्याकाळी सहाला जेवला तो. मी म्हटलं, सकाळी चहा तरी घेऊन जा. तर म्हणे, आप्पांची तपासणी शे, खोटं निघायला नको. डबीबी घरी ठेवून गेला. तंबाखूशिवाय तो देवळातबी गेला नव्हता कधी. आणि पोह्यांचं मीठ दुसऱ्या पोराला चाखायला लावलं. संध्याकाळी येऊन सांगत होता, सगळ्या कंपनीला आज समुद्र पाजला म्हणून."

खारट पोहे. जीभ सुट्टीवर होती. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने मला सगळ्या रांगेसमोर सांगितलं होतं आणि ते मीठ माझ्या स्वतःच्या तोंडात होतं.

"मग त्याने मला तसं ठामपणे का नाही सांगितलं?" मी विचारलं आणि विचारतानाच लाजलो. त्याने शपथ घेतली होती. रक्त खोटं बोलत नाही असं मीच म्हणालो होतो. रक्त खरोखरच खोटं बोलत नव्हतं. माणूसही नव्हता बोलत.

"त्या रात्री तो शांत झोपला," वहिनी म्हणाली. "कितीक महिने पाय चोळायला लावायचा. त्या दिवशी म्हणे, राहू दे, आप्पांनी सांगितलं चांगलं शे." तिने पदराने डोळे टिपले. "आता काय म्हणू तुम्हाला? राग येतोय. आणि तो झोपला होता तेबी आठवतंय."

जितू भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "थेट मोजणीला पाठवलं असतं तर बाबा वाचले असते?"

"माहीत नाही. औषध सुरू झालं असतं, तंबाखू सुटली असती कदाचित. काही वर्षं मिळाली असती कदाचित. नक्की कुणी सांगू शकणार नाही. पण ती संधी त्याची होती. ती मी परस्पर वापरून टाकली."

मग वहिनीने रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला. "नीट करा हे."

"आता याचा काय उपयोग?"

"उपयोग नको. त्याने खाल्लं नव्हतं. तसं लिहा."

जितूने पेन दिलं. मी शिक्क्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'रुग्ण उपाशी होता.' शहाऐंशीवर रेघ मारली, तिथे काही लिहिलं नाही. खाली सही केली, आजची तारीख घातली. वहिनीने कागद उलटसुलट पाहिला, वाचता येत असल्यासारखा, आणि पुन्हा चार घड्या घालून पिशवीत ठेवला.

मी जितूकडे वळलो. "तू खांबाशी का थांबतोस?"

तो दचकला. "कामाचे मेसेज असतात, आप्पा."

"मोबाइल बंद होता."

वहिनीने मुलाकडे पाहिलं. एवढा वेळ ती माझ्याकडे पाहत होती, तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर इतकी भीती नव्हती. "पोटऱ्या?" तिने विचारलं. त्याने मान खाली घातली. तिने शेंगांचं सूप उचललं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आज संध्याकाळी सहाला जेवायचं. मंग काई नई. चहाबी नई."

दुसऱ्या दिवशी सकाळी जितू आणि मी सिल्वासातल्या नव्या लॅबमध्ये गेलो. तिथल्या टेक्निशियन बाईंनी सफाईने नस धरली. मला तो हात पाहून बरं वाटलं. मी त्यांना विनंती केली, नळी फिरवून झाली की एकदा दाखवा. त्यांनी दाखवली. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर मी ती धरली. दुधट होती. बापाएवढी नाही, पण तारखा वाचता येत नव्हत्या.

"खाऊन आलाय का हा?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "उपाशी आहे. त्याला विचारलंय, आणि त्याने सांगितलंय."

दुपारी कागद आला. ट्रायग्लिसराइड चारशे अठरा. खाली एलडीएलची चौकट कोरी होती आणि पुढे छापलं होतं, थेट मोजणीसाठी पाठवले. मी त्या कोऱ्या चौकटीकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. जितू बाकावर शेजारी बसला होता. त्याने माझ्या खांद्यावरून कागदात डोकावलं.

"आप्पा, घाबरण्यासारखं आहे का?"

तोच प्रश्न. आवाजही जवळपास तोच. चौतीस वर्षं मी या प्रश्नाला काही ना काही उत्तर देत आलो होतो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "उद्या आकडा येईल. आकडा घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, पोटऱ्यांचंही सांगू. मी सोबत येतो."

त्याने मान डोलावली. मग पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डबा काढला. सकाळपासून तो त्याने उघडला नव्हता. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी होत्या, मिरचीचा ठेचा होता, आणि झाकणात दोन माणसांना पुरेल एवढा कांदा चिरून ठेवला होता.

"आईने सांगितलंय," जितू म्हणाला, "दोघांनी खा."